गाडी जाते, पण थांबते कुठे?

बुलडाणा जिल्ह्यातून देशातला सर्वांत गजबजलेला एक रेल्वेमार्ग जातो. राज्यातला सर्वांत वेगवान महामार्गही जातो. तरीही चिखलीच्या पोरीचं कॉलेज शेवटच्या एसटीच्या वेळेवर ठरतं. असं का? उत्तर शोधायला थेट बोलिव्हियापर्यंत एक चक्कर मारू.

मोबाइलवर नकाशा उघडा आणि शेगाव ते जालना हा प्रवास रेल्वेनं कसा करता येईल ते बघा. गावं शेजारशेजारच्या जिल्ह्यांतली. मधे आपलाच जिल्हा. पण रुळांवरून जायचं तर वाटा दोनच. एक पश्चिमेकडून. नांदुरा, मलकापूर, भुसावळ, जळगाव करत मनमाड गाठायचं, तिथून वळून छत्रपती संभाजीनगर आणि मग जालना. दुसरी पूर्वेकडून. अकोला, वाशीम, हिंगोली, पूर्णा, परभणी आणि तिथून पुन्हा पश्चिमेकडं जालना. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

आता त्या दोन वाटांच्या मधे काय उरलं ते बघा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा आणि खुद्द बुलडाणा शहर. म्हणजे अख्खा घाटावरचा भाग. वर मध्य रेल्वेची मुंबई-हावडा लाइन, खाली मनमाड-परभणी लाइन आणि मधे सहा तालुक्यांची रिकामी जागा. जिल्ह्याचे तालुके तेरा. त्यांपैकी तालुक्याच्या गावालाच रेल्वे स्टेशन आहे असे चार: मलकापूर, नांदुरा, शेगाव आणि खामगाव. चारही घाटाखालचे. जिल्ह्याच्या मुख्यालयातून रेल्वे पकडायची तर राजूर घाट उतरून ४५ किलोमीटरवरच्या मलकापूरला जावं लागतं.

ही तुटलेली जोड सांधायची मागणी आजची नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाबद्दल तुमच्या आजोबांनीही ऐकलंय, कदाचित त्यांच्या वडिलांनीही. शंभर वर्षांहून जुनी ही मागणी. लांबी साधारण १६२ किलोमीटर. सर्वेक्षणं झाली, पुन्हा झाली. निवडणूक आली की हा मार्ग भाषणात धावतो, निवडणूक संपली की फायलीत थांबतो. अलीकडच्या वर्षांत गाडं थोडं पुढं सरकलंय. राज्य सरकारनं निम्मा खर्च उचलायची तयारी दाखवली. एकूण खर्चाचा अंदाज जवळपास पाच हजार कोटींचा आहे.

पण "रेल्वे कधी येणार?" या प्रश्नाआधी एक दुसरा प्रश्न विचारायला हवा. रस्ते आणि रूळ कुणासाठी आखले जातात?

एक देश, दोन रेल्वे

नकाशा जरा लांब सरकवू. दक्षिण अमेरिकेच्या मधोमध बोलिव्हिया हा देश आहे. समुद्रकिनारा नाही. होता, पण १८७९ मध्ये चिलीशी सुरू झालेल्या युद्धात गेला. या देशाचं वैशिष्ट्य असं, की तिथं रेल्वेची दोन जाळी आहेत आणि ती देशाच्या आत एकमेकांना जोडलेलीच नाहीत.

पश्चिमेचं जाळं अँडीज पर्वताच्या पठारावर आहे. चिलीच्या आंतोफागास्ता बंदरातून निघालेली लाइन १८८९ मध्ये उयुनीला आणि १८९२ मध्ये ओरुरोला पोचली. कशासाठी? खाणीतली चांदी आणि पुढं कथील बंदरापर्यंत न्यायला. इन्स्टाग्रामवर मिठाच्या पांढऱ्या मैदानाचे फोटो दिसतात ना, ते याच उयुनीजवळचे. गावाबाहेर गंजलेल्या वाफेच्या इंजिनांची रांग उभी आहे. लोक तिला रेल्वेचं कब्रस्तान म्हणतात. पूर्वेचं जाळं सांताक्रूझ शहराभोवती आहे. तिथून एक मार्ग ब्राझीलकडं जातो, एक अर्जेंटिनाकडं. पश्चिमेची लाइन आयकिले या गावाशी संपते आणि सांताक्रूझपर्यंतचा मधला टप्पा आजवर बांधला गेलेला नाही. म्हणजे बोलिव्हियातून परदेशात रेल्वेनं माल जाऊ शकतो, पण देशाच्या एका टोकाचा माल दुसऱ्या टोकाला रेल्वेनं जाऊ शकत नाही.

पैसा कमी, डोंगर अवघड, ही कारणं आहेतच. पण मूळ कारण आखणीत आहे. ज्यानं रूळ टाकले त्याला खाणीपासून बंदरापर्यंत जायचं होतं. मधली माणसं कुठून कुठं जातात, हा त्याचा प्रश्नच नव्हता.

आठ मैलांचा रेल्वेमार्ग

आपलं काय वेगळं झालं? १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या काळ्या मातीची आठवण झाली. जीआयपी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. योगायोग बघा, त्याच वर्षी ब्राझीलमध्ये साओ पावलोची कॉफी सांतोस बंदराला नेणारा रेल्वेमार्ग सुरू झाला.

मुख्य लाइन खामगावच्या बाजूनं गेली, पण खामगावला लागली नाही. आणि खामगाव तर कापसाची मोठी पेठ. मग जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा, म्हणजे जेमतेम १३ किलोमीटरचा फाटा टाकला गेला. १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले होते. आठ मैलांच्या रुळासाठी व्हाइसरॉय! कापसाच्या गाठींची किंमत किती होती ते यावरून कळतं.

आता हिशोब मांडा. कापसाला १३ किलोमीटर हवे होते, ते लगेच मिळाले. तिथून पुढच्या १६२ किलोमीटरची गरज माणसांना होती, ते अजून कागदावर आहेत. खामगावचा फाटा आजही तसाच फाटा आहे. गाडी येते आणि आली तशी परत जाते.

इंग्रज वाईट होते म्हणून असं झालं, एवढं म्हणून सुटता येत नाही. त्यांना जाऊन पाऊणशेहून जास्त वर्षं झाली. आखणीची सवय मात्र टिकून राहिली.

समृद्धी कुणाच्या दारात?

समृद्धी महामार्ग घ्या. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. आपल्या जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या पट्ट्यातून हा रस्ता ऐंशीहून जास्त किलोमीटर धावतो. म्हणजे नेमका त्याच रिकाम्या जागेतून, जिथं रेल्वे नाही. मग प्रश्न सुटला का?

थोडा सुटला, हे मान्य करायला हवं. मेहकरच्या पेशंटला संभाजीनगर किंवा नागपूर आता खूपच कमी वेळात गाठता येतं. भाजीपाला, फळं, बियाणं लवकर पोचतं. पण हा नियंत्रित प्रवेशाचा रस्ता आहे. ठरलेल्या ठिकाणीच चढायचं, ठरलेल्या ठिकाणीच उतरायचं. दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. गावाकडच्या कॉलेजच्या पोरांकडं असतं काय? दुचाकी. ज्याच्या शेताला लागून हा रस्ता गेलाय, त्याचा पोरगा त्यावरून कॉलेजला जाऊ शकत नाही. तो खालच्या बोगद्यातून पलीकडं जातो आणि वरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकतो.

१ जुलै २०२३ ची मध्यरात्र उलटली होती. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुटा शिवारात उलटली आणि पेटली. २५ जण गेले. ती बस इथं थांबणार नव्हती. पण मदतीला धावली ती इथली माणसं, आणि ओळख पटणंही कठीण झालेल्या मृतांवर सामूहिक अंत्यसंस्कार झाले ते बुलडाण्यात. वाहतूक 'वरून' जाते तेव्हा तिचा भार मात्र खाली, जिल्ह्यावरच उतरतो. रस्त्यावरची सुरक्षा, रुग्णवाहिका, जळालेल्यांवर उपचार करणारा विभाग, हे सगळं रस्त्याच्या आखणीचाच भाग असायला हवं. उद्घाटनाच्या फलकावर ते कुठंच नसतं.

शेगाव ते सिंदखेडराजा असा भक्ती महामार्गाचा प्रस्ताव आला, तेव्हा चिखलीसह अनेक ठिकाणच्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. वरवर पाहिलं तर हा रस्ता घाटाखालचा आणि घाटावरचा भाग जोडणारा, म्हणजे आपल्याला हवा तसाच. मग विरोध का? कारण साधं. जमीन बागायती, तुकडे लहान, आणि रस्ता पुन्हा तसाच, कुंपणातला. "विकासाला विरोध" असं लेबल चिकटवणं सोपं आहे. शेतकरी विचारत होता ते इतकंच: या रस्त्यावर मला चढता येईल का?

गाडी नाही म्हणून माणूस नाही

मग खामगाव-जालना रखडलं का? रेल्वे नवा मार्ग तोलताना परताव्याचा दर बघते. घातलेल्या पैशावर उत्पन्न किती येणार? आणि उत्पन्न कशावरून काढायचं, तर आज त्या वाटेवर किती प्रवासी आणि किती माल जातो त्यावरून. इथंच गोची आहे. गाडी नाही म्हणून माणसं त्या वाटेनं जात नाहीत. माणसं जात नाहीत म्हणून गाडी परवडत नाही. नदीवर पूल हवा का, हे आज किती लोक पोहून पलीकडं जातात त्यावरून ठरवण्यासारखंच झालं हे.

पण दुसरी बाजूही ऐकायला हवी. पाच हजार कोटी ही थोडकी रक्कम नाही. तेवढ्या पैशात कितीतरी एसटी बस, कितीतरी किलोमीटर चांगले ग्रामीण रस्ते आणि पूल होतील, असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही. रेल्वे आली तरी ती दारात येत नाही, स्टेशनपर्यंत जायला पुन्हा एसटीच लागते. घाट चढायचा म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेतून वाट काढायची. त्या रांगेत ज्ञानगंगा अभयारण्य आहे. टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरहून जास्त चालून २०१९ च्या शेवटी तिथं पोचला होता, हे आठवत असेल. त्याचीही वाट असतेच. आणि जमीन पुन्हा शेतकऱ्याचीच जाणार.

म्हणून मुद्दा 'रेल्वे हवी की रस्ता' असा नाहीच. फायदा मोजायचा कसा, हा आहे. जालन्यात पोलाद आणि बियाण्यांचा धंदा आहे, खामगावात कापूस आणि सोयाबीनची बाजारपेठ आहे, शेगावला वर्षभर भाविक येतात, लोणारचं सरोवर बघायला जगभरातून लोक येतात. ही चार ठिकाणं एकमेकांशी जोडलेलीच नसतील, तर त्यांच्यातली वाहतूक आकड्यात दिसणार कशी?

वाट बदलली की हिशोब कसा बदलतो, याचं उदाहरण जिल्ह्याच्या उत्तर टोकालाच आहे. अकोला-खंडवा ही जुनी मीटरगेज लाइन मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जायची. ती ब्रॉडगेज करायला वन्यजीवांसाठी काम करणाऱ्यांनी आक्षेप घेतला. मग जंगलाला वळसा घालणारी वाट पुढं आली, सोनाळा, जामोद अशी, म्हणजे आपल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतून. मार्ग लांबतो, खर्च वाढतो. पण जंगलातल्या वाटेवर माणसं तुरळक होती आणि या वाटेवर गावं आहेत, केळी-संत्र्याच्या बागा आहेत, रेल्वे कधी न बघितलेल्या आदिवासी वाड्या आहेत. वाघासाठी घेतलेला वळसा माणसांच्याही फायद्याचा ठरू शकतो. लांबचा रस्ता कधीकधी जास्त लोकांचा असतो.

घाटावर राहणाऱ्यांसाठी

पुन्हा बोलिव्हियात जाऊ, कारण तिथल्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ला पाझ शहर एका खोल दरीत वसलंय. वर पठारावर, चार हजार मीटरहून उंच, एल आल्तो नावाचं शहर आहे. वर बहुतेक आदिवासी, कष्टकरी वस्ती. खाली कचेऱ्या, दुकानं, विद्यापीठ. रोज लाखो माणसं खाली उतरायची आणि संध्याकाळी वर चढायची, खचाखच भरलेल्या मिनीबसमधून. घाटावर आणि घाटाखाली हे त्यांनाही आपल्याइतकंच पाठ.

२०१४ मध्ये तिथं रोपवे सुरू झाला. पर्यटकांसाठी नव्हे, रोजच्या प्रवासासाठी. पुढच्या पाच वर्षांत दहा मार्ग झाले. काही सेकंदांच्या अंतरानं डबा येतो, त्यामुळं वेळापत्रक पाठ करावं लागत नाही. ज्या देशाच्या रेल्वेनं खाणीपलीकडं कुणाला विचारलं नव्हतं, त्याच देशानं या वेळी आधी विचारलं: रोज वर-खाली कोण करतं? आणि मग तार ओढली.

बुलडाण्यात रोपवे बांधा, असं मी म्हणत नाही. अंतरं वेगळी, गर्दी वेगळी. शिकायचा आहे तो प्रश्न विचारायचा क्रम. आधी प्रवासी, मग मार्ग.

शेवटची गाडी

आपल्याकडं रोज वर-खाली कोण करतं? तुम्हीच. तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्यांची सगळी दिनचर्या एसटीभोवती फिरते. पहिली गाडी उशिरा आली की पहिलं लेक्चर बुडतं. शेवटची गाडी लवकर असेल तर प्रॅक्टिकल अर्धं सोडून पळावं लागतं, लायब्ररी, एनसीसी, स्पर्धा परीक्षेचा क्लास, नाटकाची तालीम, सगळं जातं. मुलींच्या बाबतीत तर घरच्यांचा निर्णयच त्यावर होतो. "गाडी आहे ना? मग जा." गाडी नसेल तर बारावीनंतर शिक्षण थांबतं आणि त्याची नोंद 'वाहतूक' या रकान्यात कधीच होत नाही.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. कोरोनानंतर वर्ग नुकतेच भरायला लागले होते. त्या महिन्यांत खेड्यातल्या मुलामुलींनी काय केलं, ते तुमच्याच वर्गात विचारा. कुणी काळीपिवळीत लटकून आलं, कुणी आलंच नाही. कर्मचाऱ्यांच्या मागण्या खऱ्या होत्या. पण एसटी म्हणजे या जिल्ह्याच्या शिक्षणाचा कणा आहे, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. नंतर आपण ते विसरलो. सवलतीचा पास आहे, १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, हे चांगलंच. पण सवलत गाडी असेल तरच कामाची.

पाच हजार कोटींचा मार्ग आणि संध्याकाळची एक जादा फेरी, यांची तुलना हास्यास्पद वाटेल. पण दोन्हींमागचा नियम एकच आहे. मोजलं गेलं तर मिळतं. कापसाच्या गाठी मोजल्या गेल्या, म्हणून आठ मैल रूळ पडले. तुमची बुडालेली लेक्चर्स कुणीच मोजली नाहीत.

तर मोजा. कॉलेजच्या भूगोल किंवा अर्थशास्त्र विभागाला प्रोजेक्ट हवेच असतात. वर्गातले किती जण रोज किती किलोमीटरवरून येतात, कशानं येतात, खर्च किती, गाडी ठरलेल्या वेळेवर आठवड्यातून किती दिवस आली, महिन्यात किती तास वाया गेले, एवढं साठ जणांचं लिहून काढलं तरी ते कागद घेऊन आगारप्रमुखांसमोर बसता येतं. "सर, गाडी सोडा ना" या विनंतीपेक्षा "सहा गावांतल्या ४३ विद्यार्थ्यांना साडेपाचची फेरी लागते" हे वाक्य वेगळं काम करतं. फेऱ्यांची, रद्द झालेल्या गाड्यांची माहिती माहिती अधिकारात मागता येते. ग्रामसभेत ठराव करता येतो.

आणि उद्या खामगाव-जालना मार्गासाठी जमीन मोजणारे खरंच तुमच्या शिवारात आले, तर टाळ्या वाजवण्याआधी आणि झेंडे दाखवण्याआधी त्यांना चार गोष्टी विचारा. स्टेशनं किती आणि कुठं? रोज थांबणाऱ्या पॅसेंजर गाड्या किती? कॉलेज सुटल्यावर परतीची गाडी किती वाजता? आणि स्टेशनपासून गावापर्यंत एसटी कोण सोडणार?